बोक्याचं हसू

माझ्या दादाच्या टेबलावर एक आरसा असे. दाढीचा असतो तसाच, गोल, मागे तारेचा पाय असलेला. त्याच्या धंद्यातल्या सगळ्यांच्याच टेबलावर तसा एकेक असायचा. कार्टूनमधल्या प्राण्याला घाबरवायचं असेल तर आधी स्वतः घाबरायचं, आरशात बघायचं, भुवई कुठवर चढली, ओठ कुठे ओढला गेला ते टिपायचं आणि कागदावर उतरवायचं. बाहेरचं कुणी पहिल्यांदा त्या खोलीत आलं की दारातच थबके. चांगली संसारी, मिशा राखलेली माणसं आपापल्या आरशासमोर बसून दात विचकताहेत, डोळे तिरळे करताहेत, आणि कुणाचं कुणाकडे लक्ष नाही.

त्या काळी मोठ्या चित्रपटाच्या आधी एक छोटं कार्टून दाखवत. लोक आपली जागा शोधून, छत्री पायाशी ठेवून नीट बसेपर्यंत ते अर्धं संपलेलं असे. तेवढ्यासाठी आम्ही सगळे महिनोन् महिने राबत असू.

मी शेजारच्या रंगखोलीत होते. चित्रकारांनी पेन्सिलीने काढलेली चित्रं आमच्याकडे येत. ती सेलवर, म्हणजे काचेसारख्या पारदर्शक पातळ पानावर, शाईने गिरवायची, आणि मग सेल उलटा करून मागच्या बाजूने रंग भरायचा, म्हणजे पुढून रेघ स्वच्छ दिसते. हातांत पांढरे सुती मोजे घालावे लागत. सेलवर बोटाचा ठसा उमटला तर तो पडद्यावर म्हशीएवढा दिसतो, असं आमच्या बाई दर सोमवारी न चुकता सांगत.

वहिनी माझ्याच बाजूच्या खुर्चीवर बसायची. दादा काही ना काही निमित्त काढून रंगखोलीत यायचा. तो माझी चौकशी करायला येत नाही, हे माझ्या डोक्यात शिरायला बरेच दिवस लागले. मग त्यांचं लग्न झालं, ठमी झाली आणि वहिनीनं काम सोडलं. ठमी म्हणजे माझी भाची. नाव वेगळं होतं, पण गालच असे होते की दुसरं काही म्हणवतच नसे.

ज्या फिल्मची ही गोष्ट, तिच्यात एक बेकरी होती, तिथे राहणारा एक करडा बोका होता आणि भिंतीत तीन उंदीर होते. उंदरांनी बोक्याला सळो की पळो करून सोडायचं, एवढीच कथा. उंदीर काढायला एक जाडजूड गृहस्थ होते. त्यांना सगळे उंदीरमामा म्हणत. बोका दादाकडे होता. म्हणून उंदीरमामा त्याला बोकोबा म्हणायचे.

"काय बोकोबा, आज माझी पोरं तुमच्या शेपटीला पिठाचं पोतं बांधणार आहेत," ते सकाळी आल्या आल्या जाहीर करत. "तयारीत राहा."

"तुमच्या पोरांना सांगा, बोका उपाशी आहे," दादा म्हणायचा.

त्याचा चेहरा म्हणजे रबर होता. लहानपणी मावशीनं रागावून त्याला कोपऱ्यात उभं केलं की हा तिथूनच असली तोंडं करायचा की मावशीच पदर तोंडाला लावून आत पळायची. आमची आई लवकर गेली, मावशीनंच आम्हाला वाढवलं. दादाच्या चेहऱ्यावर कधी कुलूप नसतं, असं ती म्हणायची.

पहिलं लक्षात आलं ते ठमी चालली त्या दिवशी. फिल्मचं काम नुकतं सुरू झालं होतं. दादानं तो आठवडाभर एकच प्रसंग काढला होता: बोका दुधाच्या वाडग्याकडे जातो आणि वाडगं आपोआप चालायला लागतं, कारण खाली उंदीर आहेत. बोक्याला नवल वाटतं. तेवढंच. संध्याकाळी आम्ही दोघं घरी आलो. वहिनी दारातच उभी होती, तोंडावर बोट ठेवून. आत ठमी पलंगाला धरून उभी होती. दादाला पाहिलं, हात सोडला, आणि डुलत डुलत चार पावलं टाकून त्याच्या गुडघ्यावर येऊन आदळली.

मी टाळ्या वाजवल्या. वहिनी दादाकडे बघत होती. तिला ठमीपेक्षा त्याचं तोंड बघायचं होतं, दिवसभर ती त्याचीच वाट बघत असणार.

दादा वाकला, त्यानं ठमीला उचललं, आणि तसाच उभा राहिला. रांगेत उभं असलेल्या माणसाचं तोंड असतं तसं तोंड.

"अहो," वहिनी म्हणाली, "पोर पहिल्यांदा चाललं आणि तुमच्या चेहऱ्यावरची माशीसुद्धा हलत नाही!"

"अगं, हलत नाही काय!" दादा म्हणाला. "केवढं नवल वाटलं मला!"

आवाज खरा होता. आवाजात नवल काठोकाठ भरलेलं होतं. तो आवाज त्या चेहऱ्यातून आला, हे मात्र बघवेना. ठमीनं त्याच्या भुवईला हात लावला, ती वर ढकलली आणि सोडली. भुवई पुन्हा आपल्या जागी येऊन बसली.

 जेवताना वहिनीनं भांडी जरा जोरात ठेवली.

पुढच्या महिन्यात उंदरांनी पिठाचं पोतं अंगावर घेऊन भुताचं सोंग केलं, आणि बोका घाबरला. तो प्रसंग आमच्याकडे रंगायला आला तेव्हा सबंध रंगखोली माझ्या टेबलाभोवती जमली. इतका घाबरलेला बोका आम्ही पाहिला नव्हता. कान डोक्याला चिकटलेले, मिशा थरथरताहेत असं नुसत्या चित्रावरून वाटावं. बाई म्हणाल्या, "भावानं तुझ्या जीव ओतलाय हो."

आणि त्याच दुपारी चित्रकारांच्या खोलीतलं शाईच्या बाटल्यांचं कपाट कोसळलं. आवाज एवढा झाला की आम्ही भिंतीपलीकडून धावत गेलो. सगळे खुर्च्या सोडून उठलेले, उंदीरमामा तर टेबलावर चढून बसलेले. दादा कपाटाच्या अगदी पुढ्यात होता. काचेचे तुकडे त्याच्या खुर्चीच्या पायांपर्यंत आले होते. तो पेन्सिल धरून होता तसाच होता.

"मानलं बुवा," उंदीरमामा टेबलावरून उतरत म्हणाले. "छाती आहे. इथे आमच्या तोंडचं पाणी पळालं आणि हा बघा, बारशाला बसलाय!"

लोक हसले. मी जवळ जाऊन दादाचं मनगट धरलं. नाडी अशी उडत होती की माझी बोटं हलत होती. तो माझ्याकडे वळला. चेहरा तोच. फक्त डोळे, त्या शांत चेहऱ्यात अडकून पडल्यासारखे, माझ्याकडे बघत होते.

"पाणी दे," तो म्हणाला.

त्या वेळी आमच्याकडे रंगवण्याआधी पेन्सिलीची चित्रं नुसतीच कॅमेऱ्याखाली धरून फिल्म काढत आणि काळोख्या खोलीत ती लावून बघत. हालचाल जमली की नाही ते त्यात कळे. घरची माणसं आली तरी चालत असे. मी वहिनीला म्हटलं, "चल, बघून तरी घे, तुझा नवरा दिवसभर काय करतो ते." तिचा राग जावा एवढाच माझा हेतू होता.

खोलीत आम्ही दोघी, कॅमेरावाले आणि मागे उंदीरमामा. पडद्यावर रंग नाही, पार्श्वभूमी नाही, नुसत्या थरथरत्या रेघांचा बोका. तो आला, वाडग्याकडे वाकला, वाडगं चाललं. बोक्याची डावी भुवई वर गेली, उजवी जरा उशिरा तिच्या मागे गेली, आणि खालचा ओठ किंचित दातांत सापडला.

वहिनीनं माझा हात घट्ट धरला.

"हे त्यांचं आहे," ती म्हणाली.

"अगं, त्याचंच. त्यानंच काढलंय."

"तसं नाही. लग्नाची गोष्ट काढली तेव्हा माझ्या बाबांनी लगेच होकार दिला ना, तेव्हा ह्यांनी असंच तोंड केलं होतं. अगदी हेच." ती पडद्याकडे बघत होती. "तेच आहे हे. तिथे गेलंय."

मागून उंदीरमामा काही तरी विनोद करणार होते. माझ्या कानांनी तो येतोय हे ऐकलं, आणि आलाच नाही. 

घरी आल्यावर वहिनीनं आडपडदा न ठेवता विचारलं. ठमी जमिनीवर डबे वाजवत होती. दादानं आधी उडवून लावायचा प्रयत्न केला, मग खाली बसला.

"मला आधीच कळलंय," तो म्हणाला. "आरसा समोरच असतो ना माझ्या. कागदावर नुसतं बरं आलं तर काही होत नाही. पण एखादं चित्र असं येतं, की त्यात काही बदलायचं उरत नाही. ते आलं, की आरशातलं विझतं. मी पुन्हा तोंड करून बघतो. होत नाही. कुठून सुरू करायचं तेच सापडत नाही."

"दुखतं का?" मी विचारलं.

"नाही गं. आत सगळं आहे. बाहेर येत नाही."

"आणि तरी तुम्ही काढताय?" वहिनीचा आवाज चढला. "उंदीरमामांचं काही गेलं नाही ते? तेही आरशात बघूनच काढतात."

हाच प्रश्न मी दुसऱ्या दिवशी उंदीरमामांनाही विचारला. ते म्हणाले, "माझे तिन्ही उंदीर एकच तोंड करतात गं. मी कामापुरतं काढतो. ह्याच्यासारखं नाही काढत." ते थट्टा करत नव्हते.

दादाला वाटलं होतं की एखाददुसरं गेलं तर चालेल. माणसाला नवल किती वेळा वाटतं? राग गेला तेव्हा तर वहिनीच म्हणाली, "तो गेला ते बरंच झालं, घरात शांतता." आम्ही तिघंही हसलो. दादाला तेव्हा हसू येत होतं. घशात गडगडणारं मोठं हसू गेलं होतं, कारण बोक्यानं एकदा उंदराला पकडल्यावर ते हसून दाखवलं होतं. पण दुसरं होतं, आवाज नसलेलं, ओठ मिटलेलं, डोळे बारीक होणारं. ते ठमीला पाहिलं की यायचं. फिल्ममध्ये बोका तसा कुठेच हसला नव्हता.

मग मावशी गेली. त्या आधीच्या आठवड्यात दादानं बोक्याचं रडणं पुरं केलं होतं. मावशीच्या दारात सगळी नात्यातली माणसं जमली होती आणि दादा भिंतीशी उभा होता, तिकिटाच्या खिडकीपाशी उभा असावा तसा. "हिनं पोटच्या पोरासारखं वाढवलं, आणि बघा," असं कुणीतरी माझ्या मागे पुटपुटलं. मी वळून बघितलं. दादाच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. चेहरा हलत नव्हता, त्यावरून ते नुसतं खाली येत होतं, भिंतीवरून ओल उतरते तसं. मला ते बघून मावशीसाठी आलेलं रडूसुद्धा थांबलं.

आता फक्त शेवटचा प्रसंग उरला होता.

फिल्मच्या शेवटी बोका कणकेच्या पिंपात पडतो, भट्टीत जातो, आणि भाजून कडक झालेला बाहेर येतो. हलता येत नाही. मोठे दोन उंदीर नाचत निघून जातात. सगळ्यात धाकटा, लांब कानांचा, मागे राहतो, स्वतःच्या वाटणीचा पावाचा तुकडा बोक्यापुढे सरकवतो. बोका त्याच्याकडे बघतो आणि हसतो. गोड. मोठ्यानं नाही. आमच्या स्टुडिओच्या साहेबांच्या खोलीत भिंतीवर सगळ्या प्रसंगांचे कच्चे आराखडे टाचलेले होते. त्या शेवटच्या चित्रात बोक्याच्या तोंडाच्या जागी नुसतं रिकामं वर्तुळ होतं.

दादानं बोक्याला पाठमोरं करून पाहिलं. साहेबांनी पेन्सिलीची फिल्म बघितली आणि दिवे लावायला सांगितले.

"पूर्ण वेळ लोक ह्याचं तोंड बघतात," ते म्हणाले, "आणि शेवटी मी त्यांना ह्याची पाठ दाखवू? का हो, तुमची तब्येत ठीक आहे ना?"

"ठीक आहे," दादा त्या चेहऱ्यानं म्हणाला.

"मग हसवा त्याला. चित्रपटगृहांना तारीख दिलेली आहे."

उंदीरमामा म्हणाले, आण इकडे, माझ्या तोंडावरून काढ. त्यांनी खुर्ची ओढली, टाय सैल केला आणि हसले. दादानं सकाळभर काढलं. झालं काय, तर बोक्याच्या धडावर उंदीरमामा. तेच फुगलेले गाल, तेच दोन पुढचे दात. सगळी खोली पोट धरून हसली. उंदीरमामाही हसले, आणि हसताना हळूच आरशात बघून घेतलं. त्यांचं जागेवर होतं. साहेबांनी तो कागद दोन बोटांत धरून परत केला.

दादानं दुसऱ्या कुणाला द्यायला सांगितलं असतं तर साहेबांनी दिलंही असतं. वाईट झालं असतं, पण संपलं असतं. त्यानं सांगितलं नाही. हे बाहेरच्या माणसाला समजवणं कठीण आहे. सबंध बोका त्याच्या हातून उतरला होता, कानाच्या टोकापासून शेपटीपर्यंत. शेवटचं तेवढं दुसऱ्यानं काढायचं, हे त्याला सोसणार नव्हतं. दुसऱ्याला देऊन टाक, असं वहिनी त्याला म्हणत नव्हती, कारण ती त्याच खोल्यांत काम करून आली होती.

एका रविवारी मी दूध घेऊन वर आले तर वहिनी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होती. तिनं मला खूण केली. आतल्या खोलीत दादा भिंतीवरच्या आरशासमोर उभा होता. कडेवर ठमी होती. तो आरशातल्या ठमीकडे बघून हसत होता, ते मिटल्या ओठांचं हसू, आणि ठमी आरशातल्या त्याच्याकडे बघून अगदी तसंच हसत होती. ती त्याच्याकडूनच शिकत होती, डोळे बारीक करायचे सुद्धा. आणि दादाचा मोकळा हात मागे, पाठीशी होता. त्या हातात पेन्सिल होती. कागद नव्हता. बोटं हवेत रेघ ओढत होती.

वहिनीनं मला स्वयंपाकघरात नेलं. दूध ओट्यावर ठेवलं.

"उद्या-परवा काढतील ते," ती म्हणाली. "मी 'नको' म्हटलं तर हो म्हणतील, आणि मग एकटे बसून काढतील. माझ्या लक्षात आलंय."

"मग?"

"उद्या दुपारी मी ठमीला घेऊन येते तिकडे. तू मोकळी राहा."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत चित्रकारांची खोली रिकामी होती. वहिनी आली ती केस नीट विंचरून, चांगली साडी नेसून. दादा एकटाच बसला होता, डबा न उघडता. पुढे कोरा कागद टेबलावरच्या खुंट्यांत अडकवलेला होता. वहिनीनं ठमीला माझ्याकडे दिलं, त्याचा आरसा उचलला, पालथा घातला आणि आरशाच्या जागी, टेबलाच्या पलीकडे, स्वतः खुर्ची घेऊन बसली.

"माझं काढा," ती म्हणाली.

"वेडी आहेस का तू?"

"उंदीरमामांचं जमलं नाही. माझं जमेल. माझं तोंड तुमच्या हाताला माहीत आहे."

"म्हणूनच नको. जमलं तर जाईल ते."

"जाऊ दे ना." ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "मी दिवसभर तिच्याजवळ असते. तिला जेवू घालते, न्हाऊ घालते, गाणं म्हणते, रागावते. तिला माझं काय काय मिळतं. तुम्ही घरी येता, तेव्हा ती तासाभरात झोपते. तुमच्याकडे तिच्यासाठी आता एवढं एकच उरलंय. ते तुम्ही ह्या बोक्याला देणार?"

दादानं पालथ्या आरशाकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर अर्थातच काही दिसत नव्हतं. मग त्यानं पेन्सिल उचलली. मी त्याला तेव्हाही दोष दिला नाही, आज तर नाहीच. पण एक सांगते, त्यानं पेन्सिल उचलली तेव्हा वहिनीची बोटं पदरातच थांबली. तो उचलणार नाही अशी तिला थोडी तरी आशा असावी.

"नुसतं कसं हसायचं?" ती म्हणाली. "ठमीला माझ्या समोर धर."

मी ठमीला घेऊन दादाच्या खुर्चीमागे उभी राहिले. ठमीनं आईला पाहिलं आणि दोन्ही हात पुढे केले. आणि वहिनी हसली.

पेन्सिलीचा आवाज येऊ लागला. मला कागद दिसत होता आणि वहिनीही. आधी गाल आला, मग मिशांच्या मुळाशी पडणारी घडी. दादा एक कागद काढायचा, त्यावर दुसरा ठेवायचा, तीन-चार कागद बोटांत अडकवून पुढेमागे फडफडवायचा, आणि बोका हळूहळू, पुसट, हसायला लागायचा. ठमी आनंदानं पाय झाडत होती. "आणखी जरा," दादा म्हणायचा. वहिनी तशीच ठमीकडे बघत होती.

मग दादानं डोळ्याच्या कडेला एक बारीकशी रेघ ओढली, आणि त्याचा हात थांबला. मी कागदाकडे पाहिलं. त्यात काही बदलायचं उरलं नव्हतं.

ठमीचे पाय थांबले.

मी मान वर केली तेव्हा वहिनी तिथेच, तशीच बसलेली होती. मान तशीच कललेली, डोळे ठमीवर. पण आता ती नुसती बघत होती. खोलीतला दिवा गेला नव्हता, खिडकीतून ऊन येत होतं, तरी मला वाटलं की काहीतरी मंद झालं. ठमी आईकडे बघत राहिली. मग माझ्या हातांतून पुढे वाकून आईच्या मागे बघू लागली, दाराकडे, जणू आई उठून तिकडे गेली आहे.

"ये," वहिनी म्हणाली, आणि उठून तिला घेतलं. आवाज तिचाच होता, गोड.

त्या प्रसंगाचे सेल माझ्याच टेबलावर आले. बाईंनी मुद्दाम दिले, माझा हात स्थिर म्हणून. मागून रंग भरायचा तर चेहरा उलटा दिसतो, डावीकडचं उजवीकडे. त्यामुळे पहिल्या दिवशी मला ते नुसतं बोक्याचं तोंड वाटलं, आणि मी निभावून नेलं. पण रंग भरून झाला की सेल सुलटा करून डाग पडलाय का बघावाच लागतो. प्रत्येक वेळी सुलटा केला की वहिनी माझ्याकडे बघून हसायची. करड्या रंगात, मिशांसकट, वहिनी. संध्याकाळी घरी गेले की ती दार उघडायची. "आलीस? हात धू," म्हणायची. विनोद झाला तर तिच्या घशातून हसण्याचा आवाज यायचा. मी त्या वेळी ताटात बघत असे.

दादाचं हसू मात्र राहिलं. तो घरी आला की ठमी धावत सुटायची, आणि दगडासारख्या त्या चेहऱ्यावर तेवढं एक उमटायचं. बाकी सगळं वहिनीकडे होतं: राग, नवल, रडू, भीती. ठमी दिवसभर एकीकडून ते सगळं घ्यायची आणि संध्याकाळी दुसरीकडून उरलेलं. आमच्या घरात ते तसं चालून गेलं. शेजारच्या बाया वहिनीला शिष्ट म्हणायला लागल्या. तिनं कुणाला काही सांगितलं नाही.

फिल्म लागली त्या शनिवारी आम्ही दुपारच्या खेळाला गेलो. उंदीरमामाही आमच्या रांगेत, टोकाच्या खुर्चीवर. ठमी वहिनीच्या मांडीवर होती. अंधार झाला, बेकरी आली, बोका आला.

लोक हसू लागले. चांगले हसत होते, खुर्च्या हलत होत्या. आमच्या रांगेत कुणी हसलं नाही. वाडगं चाललं आणि बोक्याची भुवई वर गेली, तेव्हा वहिनी पुढे झुकली. कित्येक महिन्यांनी ती दादाचं नवल बघत होती. पिठाच्या भुतानं तो घाबरला. तो चिडला, तो रडला. दादाचा हात खुर्चीच्या दांड्यावर होता, तिनं त्यावर हात ठेवला आणि पडद्यावरची नजर काढली नाही. तिच्या गालावर पडद्याचा उजेड हलत होता. तो शेजारीच बसलेला होता, तरी ती त्याला भेटायला आली होती असं वाटत होतं.

मग भट्टी. कडक झालेला बोका. उंदीर नाचत गेले, धाकटा मागे राहिला, त्यानं तुकडा सरकवला.

बोका हसला.

फार थोडा वेळ दिसतं ते. ठमी मांडीवर ताठ झाली. तिनं दोन्ही हात पडद्याकडे पसरले आणि ओरडली, "आई!"

पुढच्या रांगेतली माणसं वळून हसली. बोका वर, एवढा मोठा, तिच्याकडेच बघत होता, आणि ठमी वहिनीच्या हातातून निसटू बघत होती, पाय रोवत, वर घे म्हणून हात हलवत. वहिनीनं तिला कमरेला घट्ट धरून ठेवलं होतं.

"मी इथे आहे," वहिनी तिच्या कानाशी म्हणत होती. "अगं, मी इथे आहे. इथे बघ."

ठमीनं मान वळवून एकदा तिच्याकडे बघितलं. मग पुन्हा पडद्याकडे हात केले. पडदा काळा झाला होता.